दादाचं क्रिएटिनिन

आदिलाबाद, नोव्हेंबर १९९४, मंगळवार

दादाची किडनी शाबूत आहे. दुसरा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनीच सांगितलं. साखर, बीपी आहेच. पहिल्या तपासणीत किडनीचा आकडा, ते क्रिएटिनिन, वाढलेलं पाहून मी हादरलो होतो. तेव्हा लॅबमधल्या बाईंनीच दादाला विचारलं, "काका, काल काय केलं?"

"काई नाई. दिवसभर गाडीत कापूस तुडवून भरला, मंग मटन हाणलं."

"दोन्हीनं वाढतं हे. आठ दिवस थांबा, मग रक्त द्या."

लिहिण्यापायी जन्मभर लोकांना प्रश्न विचारले, हा एक मला काऊन सुचला नाही? बाईंचे उपकार.

साखर-बीपीमुळे फेब्रुवारीत पुन्हा रक्त. आदल्या दिवशी त्याच्याऐवजी कापूस मी तुडवीन म्हटलं.

दादा हसला, "लिवणाऱ्याचे पाय तुये. कापसात बुडशील!"

बुडेन. पण तुडवीन.