एकदाच विचारलं

३ डिसें.
घरात घोर अन्याय. पाटणकर बाजारातून डिंक मी आणला, लाडू वळले गेले, आणि गृहस्वामीला चाखण्यापुरताही नाही. सौ. म्हणाली, "बाळंतिणीचे आहेत. तुम्ही बाळंत होणार आहात का?" यावर शास्त्रात उत्तर नाही.
नेहाला सातवा संपत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथं ग्वाल्हेरला. दिल्लीला, तिच्या सासरी, विचारायचं काम माझ्याकडे.

५ डिसें.
विचारलं. व्याही पंजाबी, फोन कानापासून वीतभर लांब धरावा असा आवाज. हे काही सोडायचे नाहीत, वाद कशाला, म्हणून अगदी संस्कृतप्रचुर हिंदीत म्हटलं, "यदि आपको असुविधा न हो, तो..."
तिकडून हळूच, "जैसा आप ठीक समझें, भाईसाहब."
म्हणजे नकोच. मीही म्हणून टाकलं, "वहाँ भी उसका घर ही है."
सौ.नं अबोला धरला.

१७ डिसें.
नेहाचा फोन. "बाबा, मी तुम्हाला जड झाले का? मम्मीजींनी तर माझी बॅगसुद्धा भरून ठेवली होती. म्हणाल्या, मराठी लोग साफ बोलते हैं, चाहिए होता तो बोल देते. ज़ोर ही नहीं दिया!"
त्यांच्यात तीनतीनदा आग्रह केल्याशिवाय बोलावणं होत नाही. आमच्यात तोच आगाऊपणा. बारा दिवस दोन्ही घरं एकमेकांचा मान राखत बसली.
लगेच व्याह्यांना फोन. या वेळी मीच ओरडलो. शेजारचे खिडकीत आले. ते खदखदून हसले, "ये हुई ना बात! ले जाओ जी, आपकी बेटी है." शनिवारची तिकिटं काढली. सौ. बोलायला लागली. माझ्याच विरोधात, पण लागली.

१९ डिसें.
दिल्लीहून फोन. नेहाच्या डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला. बी.पी. चढलंय, पायांवर सूज. "दस दिन पहले ले जाते, तो मैं मना नहीं करती."
व्याही हळू बोलत होते. मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

२० डिसें.
सौ. सकाळच्या गाडीनं दिल्लीला गेली. मी चहा केला, प्यायलो नाही.
नेहा बी.पी.चा आकडा सांगत नाही. "ठीक है बाबा" म्हणते, आणि विषय बदलते. मी पुन्हा विचारत नाही. ही सवय काही जात नाही.
भीती वाटते. तिला काही झालं तर... बाळाचं नंतर. आधी ती.