तोंडाशी नेलेलं बोट

बाबा,

आज दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. खुर्चीत मागे टेकून तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "बेन, दांत बहु सरस साचव्या छे. कोणे शिखवाड्युं?" तोंडात त्यांचा आरसा होता, म्हणून दात इतके छान राखायला कोणी शिकवलं, याचं उत्तर द्यावं लागलं नाही. पण मांजलपूरला घरी येईपर्यंत स्कूटरवर ते उत्तर मनात घोळत राहिलं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी आल्या आल्या तुम्हालाच लिहायला बसले.

पाणीगेटच्या आपल्या त्या दोन खोल्यांत मोरी एवढीशी होती की एकालाच जेमतेम उभं राहता यायचं. मी आत, तुम्ही बाहेर, कचेरीचा शर्ट घालून तयार. मी ब्रश आडवा घसाघसा फिरवते आणि तुम्ही म्हणता, "भांडी घासतेस का? थोडा तिरका धर, हिरडीपाशी. लहान लहान गोल. आणि मागच्या भाडेकरूंचीही चौकशी कर, त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही." दाढांना तुम्ही भाडेकरू म्हणायचात. आपणही भाडेकरूच होतो, त्यामुळे मला त्यांची दया यायची आणि मी ब्रश अगदी आतपर्यंत न्यायचे. शेवटी जीभ, मग चूळ, मग तुमचं "दाखव." रात्री जेवणानंतर पुन्हा हेच, कितीही झोप आलेली असो. कचेरीतही तुमच्या टेबलाच्या खणात ब्रश असायचा. एकदा सुट्टीत मला तिथे घेऊन गेला होतात. डबा खाऊन तुम्ही ब्रश घेऊन नळाकडे निघालात तसे शेजारच्या टेबलावरचे काका ओरडले, "शुं साहेब, जानमां जवानुं छे?" सगळे हसले. तुम्हीही खरंच लग्नाच्या वरातीला निघालेले वऱ्हाडी असल्यासारखी मान डोलावलीत आणि नळाकडे गेलात. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उत्तरायणाला तर मी तुमच्यावर खरोखर चिडले. बारा-तेरा वर्षांची होते, गच्चीवर सगळ्या मैत्रिणी, हातात फिरकी, तोंडात चिक्की. तुम्ही जिन्यातून डोकं वर काढलंत. "चिकट खाल्लंस, आधी खाली येऊन तोंड धू." मी म्हटलं, "बाबा, पतंग काय दातांनी उडवतात?" "मांजा कशाने तोडतेस मग?" सगळी गच्ची हसली. त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तुम्ही शेजारी येऊन बसलात आणि पहिल्यांदाच आजोबांबद्दल सांगितलंत. शेवटच्या वर्षात त्यांच्या तोंडाला इतका वास यायचा की आजी त्यांना तोंड फिरवून भरवायची. "त्यांना ते कळायचं गं," तुम्ही म्हणालात. "मला एवढंच वाटतं, म्हातारपणी कोणाला माझ्यापाशी बसायला नको वाटू नये." मला तेव्हा ती आजोबांची गोष्ट वाटली.

मग तुम्हाला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आई आधीच गेली होती, म्हणून मी तुम्हाला माझ्याकडे आणलं, शाळेतून रजा घेतली. रोज अंग पुसायचे, कूस बदलायचे, पाठीला पावडर लावायचे. तोंडाचं मात्र, जेवणावर चार चमचे पाणी पाजलं की झालं, असं धरून चालले. तुम्ही डावा हात उचलून बोट तोंडाशी न्यायचात आणि ओठांवरून इकडून तिकडे फिरवायचात. मी म्हणायचे, "भूक लागली? आणते हं." आणि शिरा आणायचे, मऊ भात आणायचे, साखर घातलेलं दूध आणायचे. तुम्ही मान फिरवायचात. "असं नाही करायचं बाबा, एकच घास." शेवटी तुम्ही घास घ्यायचात. माझं मन राखायला घेत असाल.

तुमच्याकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बेनने एक दिवस विचारलं, "काकानुं मोढुं कोण साफ करे छे?" काकांचं तोंड कोण साफ करतं, असं. तिने हातमोजा चढवला, तुम्हाला कुशीवर वळवलं आणि उजवा, लुळा गाल बोटाने हळूच बाजूला ओढला. आत कालचा भात होता. कदाचित परवाचाही. या बाजूचं त्यांना कळतच नाही, ती म्हणाली, रोज बघायला हवं. कोमट पाण्यात गॉझ भिजवून तिने गाल आतून पुसून काढला. मग मऊ ब्रश मागवला, त्यावर अगदी टिकलीएवढी पेस्ट घेतली आणि मागच्या दाढांपासून पुढे येत एकेक दात घासला. तुम्ही डोळे मिटून घेतले होते. सगळं झाल्यावर तुम्ही जीभ दातांवरून फिरवलीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि लांब श्वास सोडलात. किती दिवसांनी तुमचा चेहरा तुमचा दिसला.

त्यानंतर मी रोज दोनदा तसंच केलं. पण दिवस नऊच मिळाले. छातीत कफ भरला, ताप आला. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात तोंडातली घाण कधी कधी छातीत उतरते, पण यांच्या बाबतीत तसंच झालं असं सांगता येणार नाही. त्या 'सांगता येणार नाही'ला धरून मी इतकी वर्षं काढली. तेराव्याला शेजारणी म्हणाल्या, "दीकरी होय तो आवी." मुलगी असावी तर अशी. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून आता लिहिते. सगळ्यांना मी सांगितलं की बाबांची खूण मला कळलीच नाही. नवऱ्यालाही तेच सांगितलं. वर तुम्हालाही जवळजवळ तसंच लिहिलं. ते खरं नाही. बेनने विचारलं त्याच्या आठवडाभर आधी, एका दुपारी, तुम्ही बोट ओठांच्या आत घालून दाढेवर ठेवलंत आणि माझ्याकडे बघत राहिलात. मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. मी वाकले, वास आला, आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे माझं काहीच काम नव्हतं.