उपटलेली वायर

मंगळवार, जुलै २००४
कोल्हापूर

शिक्षकबंधूंनो, गेल्या वर्षी शाळेचा संगणक जळला, मुलांचे निबंध गेले, आणि आपण विजेला शिव्या देऊन मोकळे झालो! उद्याच्या सभेत अशीच सुरुवात करावी? करावीच.

आज वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांनी लिहिलेली भाषणं संगणकावर तपासत होतो. संगणक शिकवणाऱ्या पाटील मॅडम आल्या आणि त्यांनी सर्व्हरची वायर सरळ उपटली. मी ओरडलोच, "अहो, पोरांची भाषणं हायत त्यात!"

"सभेतला आवाज इथं नको, सर. उघडून बघा की."

उघडलं. सगळी भाषणं जागच्या जागी! मुलांची प्रत्येक फाइल त्यांनी दोन सर्व्हरवर ठेवली आहे. एक बंद पडला की दुसरा काम उचलतो. आणि दर मंगळवारी त्या मुद्दाम एक बंद करून खात्री करतात. केवढी ही निष्ठा! मी इतकी वर्षं निष्ठेवर बोलतो, पण माझ्या एखाद्या मताची वायर अशी स्वतःच्या हातानं कधी उपटून पाहिली?

मी टाळ्या वाजवल्या, तर मॅडम खेकसल्या, "टाळ्या कसल्या? दोन्ही एकाच टेबलावर हायत. वरचं छत गळलं तर दोन्ही जातील."

मुख्याध्यापक म्हणतात, भक्कम कुलूप फक्त त्याच खोलीला आहे, म्हणून दोन्ही सर्व्हर तिथंच. ती वायर अजून डोळ्यांसमोरून जात नाही. उद्या सभेत भाषणाची लांबण नको. एवढंच मागायचं: मुख्याध्यापक साहेब, ग्रंथालयाला तसंच कुलूप लावा आणि दुसरा सर्व्हर उद्याच तिकडं हलवा.