कुसुमच्या नावाचा ढग

३ फेब्रुवारी २००४
१९५७ ची ती दुपार आठवली. कॉन्व्हेंटच्या मागच्या जिन्यावर मी आणि कुसुम डस्टर झटकत होतो. खडूच्या धुळीतून सूर्य लालसर दिसला. कुसुम म्हणाली, तुझ्या डोळ्यांत खडू गेलाय.
संकल्प: ताऱ्यांमधल्या धुळीचा एक नवा ढग शोधायचा. त्याला कुसुमचं नाव द्यायचं. ती २५ तारखेला लेकीबरोबर कायमची बंगळुरूला चाललीय. वेळ भरपूर.

६ फेब्रुवारी
पद्धत सोपी. धुळीतून येताना ताऱ्यांचा इन्फ्रारेड प्रकाशसुद्धा मंद होतो, आणि थोडा जास्त लाल. शेजारच्या स्वच्छ आकाशातल्या ताऱ्यांशी रंग ताडून बघायचा. फरक म्हणजे धूळ. सगळे आकडे इंटरनेटवर तयार. जागरण नाही, स्वेटर नाही. इंटरनेट फोनच्याच लाइनवर, त्यामुळे फोन मात्र चार तास एंगेज. वरचे बाबुराव तीन जिने उतरून आले. म्हणाले, फोन लागेना, म्हटलं आपण आहात ना.

९ फेब्रुवारी, सकाळी ११
१८४ तारे उतरवले. यादी फार गचाळ. तांदूळ निवडावेत तशी निवडली. ४१ निळसर निघाले, काढून टाकले. मोजणाऱ्यांची चूक असणार. शेजारच्या आकाशाची यादी नंतर निवडेन. पाठ दुखते.

१० फेब्रुवारी
ढग सापडला!!! उरलेले तारे शेजाऱ्यांपेक्षा चांगलेच लाल. नाचले. आमटी करपली.

१४ फेब्रुवारी
२२ ला हौशी खगोल मंडळात भाषण ठरवलं. दोन किलो पेढ्यांची ऑर्डर. कुसुमला फोन केला. म्हणाली, जन्मभर मी धूळ पुसली, आता माझं नावच दे तिला. पण आवाज कापरा होता. सर्दी झालीय म्हणते.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
उत्कर्षा, कुसुमची लेक, हिंजवडीहून कंपनीच्या बसने आली, स्लाइड करून द्यायला. विचारते, मावशी, हे ४१ कुठे गेले? म्हटलं, निवडले. मग तिने ते परत घातले. दोन मिनिटांत ढग गेला.
मग बाकीचे लाल का? म्हणते, मावशी, ते म्हातारे तारे आहेत, मुळातच लाल. मध्ये काही आलेलं नाही.
पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा तेच.

२२ फेब्रुवारी
भाषण रद्द. पेढे रद्द होत नाहीत म्हणे.
एक किलो मंडळाला. कारण विचारल्यास उत्कर्षाची बदली सांगणे. अर्धा किलो बाबुरावांना, फोनबद्दल. पाव उत्कर्षाला. पाव मला. ४१ निळे तारे जिथले तिथे.
कुसुमला, २५ ला स्टेशनवर: जिन्यावरचा तो डस्टर. सत्तेचाळीस वर्षं माझ्याकडेच होता. झटकलेला नाही.