वाघाचं नख आणि किब्दोचं घर

मी, सेनोबिया रेंतेरिया मुरियो, वय बहात्तर, निवृत्त परिचारिका, राहणार अत्रातो नदीकाठी, चोको प्रांत, पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. तसा आणणारा या नदीवर अजून जन्मायचा आहे. माझ्यामागे माझ्या वस्तूंचं पुढीलप्रमाणे व्हावं.

१. किब्दो शहरातलं माझं घर. या नदीकाठची काळी आणि एंबेरा आदिवासी मुलंमुली नर्सिंग शिकायला शहरात जातील, त्यांनी तिथे बिनभाड्याने राहावं. मी नर्सिंगच्या शाळेत प्रवेशासाठी गेले तेव्हा दारातल्या बाईंनी मला, झाडूवालीची जागा भरली आहे, असं सांगून परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. त्या बाईंवरचा राग मी कोणालाही ठेवून जात नाही. तो माझ्याबरोबर पुरावा. आयुष्यभर त्यानेच मला ताठ उभं ठेवलं.

२. चौकात भाषणं करताना ज्या लाकडी खोक्यावर मी उभी राहायचे ते खोकं, आणि माझी सगळी पुस्तकं, नेल्सी कारुपियाला. ती एंबेरा आहे. तिची आई दवाखान्यात आपल्या भाषेत कुठे दुखतं ते सांगत राहिली, आणि ती भाषा समजणारं तिथे कोणी नव्हतं. पोरी, तुझ्या उंचीची लाज धरू नकोस. खोक्यावर चढ आणि बोल.

३. रक्तदाबाचं यंत्र एदिल्सोनला, म्हणजे माझा धाकटा भाऊ बेलार्मीनो याच्या नातवाला. आमच्याकडे नाळ पडली की बाळाच्या बेंबीत काहीतरी भरतात. त्याचा गुण अंगात उतरतो. एदिल्सोनच्या बेंबीत बेलार्मीनोने वाघाच्या नखाची पूड भरायला लावली होती; आमच्या जंगलातल्या जग्वारला आम्ही वाघच म्हणतो. पोराला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा बेलार्मीनो मला म्हणाला, “ताई, वाघाचं नख काय बेडपॅन उचलायला घातलं होतं?” तेव्हापासून तो पोराला किब्दोला जाऊ द्यायला तयार नाही.

बेलार्मीनो, गेल्या पावसाळ्यात बाळंतपणानंतर आपल्या गावातल्या रोसमीराचं रक्त थांबेना, तेव्हा होडी तूच चालवत होतास. मी दाखवलं तसं एदिल्सोनने तिचं पोट दाबून धरलं. लाटा अंगावर आल्या, हाताला गोळे आले, पण दवाखान्याच्या धक्क्यापर्यंत त्याने पकड सोडली नाही. आज रोसमीरा बाजारात मासे विकते. ती पकड वाघाची नव्हती, तर कोणाची होती?

४. माझी इंजिनाची होडी बेलार्मीनोला, आजपासूनच. अट एकच. सत्र फेब्रुवारीत सुरू होतं; त्याने स्वतः एदिल्सोनला किब्दोला पोचवावं, आणि धक्क्यावर कोणी विचारलं तर कशाला चाललोय ते मोठ्याने सांगावं. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. मला घाई नाही. अट मोडली तर होडी नेल्सीच्या भावांना. बेलार्मीनो, ते तुझ्यापेक्षा बरी चालवतात.

५. मला पुरण्याआधीच्या रात्री गाणी म्हणा, दारू प्या, तळलेली केळी खा. माझी परिचारिकेची पांढरी टोपी शवपेटीत माझ्याबरोबर ठेवा.

सही: सेनोबिया रेंतेरिया मुरियो
अत्रातोकाठ, १७ नोव्हेंबर २०१९

साक्षीदार: प्रिमितिवा कोर्दोबा, शेजारीण
साक्षीदार: हेलिओदोरो पालासिओस, शाळामास्तर

ता. क. होडी मिळणार असल्यामुळे बेलार्मीनोला साक्षीदार होता येत नाही. हे त्याला मास्तरांनी समजावलं, तरी तो खाली सही करतोच आहे. म्हणतो, “ताई, लिहून ठेव. फेब्रुवारीत नदीला पाणी कमी असतं. आम्ही पहाटेच निघू.”

बेलार्मीनो रेंतेरिया