आप्पांचीच गोळी

लोहारा, मंगळवार, संध्याकाळ

मिरगीवर तपासायचं ते औषध नवं नाहीच. आप्पांची बीपीची गोळी! गुण येईल की नाही, डॉक्टरांनाही अजून ठाऊक नाही. माझी बायको सुमन मार्चमध्ये मिरगीनंच गेली. आमच्या पोरीला, रेखालाही तोच आजार. ती औषधाच्या चाचणीत नाव द्यायचं म्हणते आणि मी नव्या औषधाच्या धास्तीनं इतके दिवस अडवत होतो. कशाला?

दवाखान्यात आप्पा म्हणाले, “धा वर्षं खातोय म्या. शिंगं फुटली व्हय मला?”

रेखा म्हणाली, “आजोबा, तुमचा तापटपणा गोळीतून येऊ नये म्हणजे झालं!”

चाचणीच्या फॉर्मवर रकाना होता, ‘नातेवाईकाची सही’. मार्चमध्ये सुमनचा देह ताब्यात घेताना अशाच रकान्यात केली होती. आज रेखासाठी केली.

घरी येताच तिनं पुढच्या तपासणीच्या दिवसाभोवती कॅलेंडरवर गोल केला. त्यासाठी आधी अजून तसंच राहिलेलं मार्चचं पान उलटावं लागलं.