तळ्याकाठची वेताची खुर्ची

मोहाडी, शनिवार, १२ नोव्हेंबर १९८३

नागपूरला प्रवास कंपनीत असलेल्या दादानं माझ्या भूगोलाच्या वर्गासाठी एक जुनं माहितीपत्रक दिलं. चिलीतलं तळ्याकाठचं आलिशान हॉटेल. मागं बर्फाचे डोंगर, व्हरांड्यात वेताची एकच खुर्ची, तीही रिकामी. वह्या तपासायच्या सोडून संध्याकाळी मी तेच बघत बसले.

सासूबाई तांदूळ पाखडून आल्या आणि शेजारी टेकल्या.

"तेथी आपलं कोण रायते?"

"कोणीच नाही, आई. लोक नुसते राहायला जातात."

"मंग पायलीभर तांदूळ कोणाच्या घरी न्याचे? जाचं तरी कायले?"

मला हसू आलं. पाहुणं म्हणून जायचं ते कोणाच्या तरी घरी, आणि रिकाम्या हातानं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. पण मला तरी दुसरं काय ठाऊक आहे?

त्यांनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं. डोंगर नाही, तळं नाही, बोट त्या खुर्चीवरच.

"अन् येथी बसलं तं कोणी उठवत नाही न?"

"नाही," मी म्हणाले.

मग वह्या पुढे ओढल्या आणि सवयीनं बोलून गेले, "आई, तेवढा भात उतरवता का?"

त्या उठल्या.